खान्देशच्या उन्हात ट्रकचा नॉक्स कमी ठेवायचा कसा

सायलेन्सरमधून काळा धूर निघत नाही म्हणजे गाडी स्वच्छ, हे आधी डोक्यातून काढून टाका. काळा धूर म्हणजे न जळालेला कार्बन, तो दिसतो म्हणून सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. नॉक्स म्हणजे नायट्रोजनचे ऑक्साईड, ते एक्झॉस्टमधून निघताना डोळ्याला दिसत नाहीत, आणि पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये जी नळी घालतो ती डिझेल गाडीत फक्त धुराचा दाटपणा मोजते, नॉक्स मोजतच नाही. म्हणजे पीयूसी पास असलेली गाडी सुद्धा भरभरून नॉक्स सोडत फिरू शकते, आणि धुळे, जळगाव, भुसावळच्या ट्रान्सपोर्ट लाईनमध्ये अशा गाड्या आहेत हे आपल्यापैकी कोणाला माहीत नाही असं नाही. मी धुळ्याला हायवेच्या गाड्यांच्याच कामात असतो, रोज हेच बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, गाडीमालक, ड्रायव्हर आणि मिस्त्री तिघांसाठी.

नॉक्स डिझेलमधून येत नाही, हवेतून येतो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, तो एरवी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण सिलिंडरमध्ये जाळ १५००-१६०० डिग्रीच्या वर गेला की तोच नायट्रोजन ऑक्सिजनला चिकटतो आणि नॉक्स तयार होतो. म्हणून अडचण अशी की इंजिन जितकं चांगलं जाळतं, जितकं गरम जाळतं, तितका काळा धूर कमी आणि नॉक्स जास्त. टायमिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारायची वेळ, पुढे घेतलं की अॅव्हरेज वाढतं, धूर कमी होतो, मालक खूष, आणि नॉक्स वर जातो. मोठमोठ्या कंपन्यांनी पण हेच केलेलं आहे, अमेरिकेत १९९८ साली सात हेवी डिझेल इंजिन कंपन्यांना सरकारशी समझोता करावा लागला कारण त्यांची इंजिनं टेस्टमध्ये एका टायमिंगवर चालायची आणि हायवेवर अॅव्हरेजसाठी दुसऱ्या. पुढे हाच नॉक्स उन्हात ओझोन बनवतो, हवेतल्या अमोनियाशी मिळून बारीक कण बनवतो, आणि ते कण थेट फुप्फुसात. ऊन आपल्याकडे किती आहे ते सांगायची गरज नाही. जळगाव शहर तर नॅशनल क्लीन एअर प्रोग्रॅमच्या, म्हणजे हवा खराब असलेल्या शहरांच्या, यादीत आहे, आणि अजिंठा चौफुलीला सिग्नलवर तोंडाला रुमाल बांधून उभी असलेली पोरं हीच हवा घेतात. ड्रायव्हर, क्लीनर, फिटर हे तर दिवसभर घेतात.

आता नियमांचे आकडे एकदा बघून घ्या म्हणजे काय पणाला लागलंय ते कळेल. हेवी डिझेल इंजिनाला बीएस-३ (बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) मध्ये नॉक्सची मर्यादा किलोवॅट-तासाला ५ ग्रॅम होती, बीएस-४ मध्ये ३.५ झाली, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती एकदम ०.४६ वर आली, स्थिर लोडच्या टेस्टला तर ०.४०. इतकी मोठी उडी नुसत्या इंजिनाच्या जोरावर मारता येत नाही. ती मारली गाडीच्या बाजूला लावलेल्या त्या निळ्या झाकणाच्या टाकीने, आणि माझं सगळं म्हणणं त्या टाकीपाशीच येऊन थांबतं. बीएस-६ गाडीत नॉक्स कमी ठेवणं म्हणजे नव्वद टक्के काम डीईएफ (त्या टाकीतलं युरिया आणि शुद्ध पाण्याचं द्रावण) आणि एससीआर (एक्झॉस्टमधली नॉक्स मोडणारी जाळी) जपणं, आणि खान्देशात त्या दोघांचा सगळ्यात मोठा दुश्मन म्हणजे आपलं ऊन आणि गाड्या तासन्‌तास चालू ठेवून उभ्या करायची सवय.

गाडीत नक्की काय होतं

थोडक्यात सांगतो. बऱ्याच इंजिनांत ईजीआर असतो, तो जळालेला थोडा वायू थंड करून परत इंजिनात ढकलतो, त्यामुळे ऑक्सिजन कमी होतो आणि जाळ मवाळ होतो, म्हणजे नॉक्स मुळातच कमी तयार होतो. मग एक्झॉस्ट डीओसीतून जातो, ती न जळालेलं डिझेल जाळणारी पहिली जाळी, तिथून डीपीएफ फिल्टरमध्ये, तिथे काजळी अडते. त्याच्यापुढे डीईएफचा इंजेक्टर फवारा मारतो, गरम वायूत पाणी उडून जातं, युरियाचा अमोनिया होतो, आणि एससीआरच्या जाळीवर अमोनिया आणि नॉक्स भिडले की मागे उरतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ. सगळं नीट चालत असेल तर इंजिनातून निघालेला नव्वद टक्क्यांहून जास्त नॉक्स इथे संपतो. जाळीच्या आधी एक नॉक्स सेन्सर, नंतर एक, दोघांचं गणित ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सतत करत असतो.

हे सगळं गरम असेल तरच चालतं, हे मात्र ध्यानात ठेवा. साधारण २०० डिग्रीच्या खाली ईसीयू डीईएफ सोडतच नाही, आणि जाळी खरी कामाला लागते ती २५०-४०० डिग्रीच्या आसपास. भरलेली गाडी लळिंग घाट नाहीतर बिजासन चढत असते तेव्हा इंजिन घाम गाळतं पण एससीआर एकदम मस्त चालतो. उलट रिकामी गाडी ट्रॅफिकमध्ये रांगते, किंवा भरायला उभी असते आणि इंजिन चालू, तेव्हा नॉक्स जवळपास जसाच्या तसा बाहेर.

डीईएफ कुठला घ्यायचा आणि ठेवायचा कसा

इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण अर्ध्या तक्रारी इथूनच निघतात. लाईनमध्ये सगळे त्याला युरियाच म्हणतात, आणि त्यातूनच घरच्या घरी बनवायची कल्पना येते. शेती घरची, ४५ किलोची गोणी घरात पडलेली, बोअरचं पाणी फुकट, बादलीत ढवळा आणि ओता. भाऊ लोक, हे करू नका, खरंच हात जोडून सांगतो. शेतीचा युरिया २०१५ पासून सगळा नीम कोटेड येतो, म्हणजे दाण्यावर कडुनिंबाचं तेल, ते तेल जाळीवर जाऊन बसतं. त्यात बाययुरेट, म्हणजे युरिया बनताना तयार होणारी भेसळ, दीड टक्क्यापर्यंत चालतं, डीईएफमध्ये ०.३ टक्क्याच्या वर चालत नाही, कारण त्याचेच पुढे पाईपात दगड होतात. आणि सबसिडीचा शेतीचा युरिया दुसऱ्या कामाला वापरणं हा गुन्हा आहे ते वेगळंच.

पाण्याचं पण तेच. आपल्याकडच्या बोअरचं पाणी किती जड असतं ते गिझरची कॉइल नाहीतर कूलरच्या जाळ्या बघितल्या की कळतं. काही जण म्हणतात आरओचं वापरू. आता आरओच्या पाण्याचा टीडीएस समजा ३० आला, म्हणजे लिटरमागे साधारण ३० मिलिग्रॅम क्षार. डीईएफचं जे आयएसओ २२२४१ स्टँडर्ड आहे त्यात कॅल्शियम किलोमागे फक्त अर्धा मिलिग्रॅम चालतं, मॅग्नेशियम अर्धा, सोडियम अर्धा, पोटॅशियम अर्धा, तांबं तर ०.२ च. म्हणजे प्यायला उत्तम असलेलं पाणी पण या कामाला कुठल्या कुठे नापास. आणि हे क्षार एकदा जाळीवर बसले की धुवून निघत नाहीत, जाळीच बदलावी लागते आणि तिची किंमत ऐकून मालक खाली बसतो.

म्हणून डीईएफ घ्यायचा तो सीलबंद, कॅनवर आयएसओ २२२४१ लिहिलेलं, बॅच नंबर आणि तारीख असलेला. तारीख बघायचीच, कारण डीईएफचं आयुष्य तापमानावर ठरतं. २५ डिग्रीला ठेवला तर १८ महिने टिकतो, ३० ला १२ महिने, ३५ ला फक्त ६ महिने, आणि ३५ च्या वर गेला की गॅरंटीच नाही, प्रत्येक वेळी तपासूनच वापरायचा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त. म्हणजे दुकानदाराने मार्चमध्ये माल आणून पत्र्याखाली रचून ठेवला आणि तुम्ही तो जूनमध्ये घेतला, तर कॅनवरची तारीख बरोबर असली तरी आतला माल बरोबर असेलच असं नाही. गरमीत युरिया फुटून अमोनिया सुटतो, झाकण उघडल्याबरोबर नाकात जळजळ झाली तर समजून जा. चांगल्या डीईएफला वास असतो पण अगदी पुसट, आणि रंग पाण्यासारखा नितळ, पिवळट किंवा गढूळ काही दिसलं तर परत करा.

साठवायचा तर थोडाच साठवा, उन्हाळ्यात महिनाभर पुरेल इतकाच. ज्यांच्या गावी अजून धाब्याचं घर आहे त्यांनी कॅन तिथे आतल्या खोलीत ठेवावेत, भर मे महिन्यात सुद्धा मातीच्या धाब्याखाली किती गार असतं ते आपल्याला माहीतच आहे. गॅरेजवाल्यांनी निदान उत्तरेची भिंत धरून, सावलीत, फळीवर ठेवावेत, तापलेल्या फरशीवर नको. केबिनच्या टपावर किंवा टूलबॉक्समध्ये बांधून फिरवू नका. लोखंडी ड्रम, पितळी नळ, तांब्याची नळी, जस्ताची बादली यातलं काहीच डीईएफला लागू द्यायचं नाही, ते धातू त्यात उतरतात. प्लॅस्टिक चालतं, चांगलं स्टेनलेस स्टील चालतं, बस.

तपासायला हातातला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, डीईएफचा वेगळा, शीतपेयवाले साखर बघतात तो नाही. काचेवर आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवायचं, पुसायचं, मग स्वच्छ ड्रॉपरने डीईएफचे दोन थेंब, वरचं प्लॅस्टिकचं झाकण हळूच टेकवायचं म्हणजे बुडबुडा राहत नाही, अर्धा मिनिट थांबायचं, आणि उजेडाकडे धरून बघायचं. वर निळं, खाली पांढरं, दोघांची रेघ जिथे येते तो आकडा. ३२.५ टक्के युरिया हवा, ३१.८ ते ३३.२ मध्ये असेल तर पास. हे काम सावलीत करा, उन्हात तापलेल्या मीटरचा आकडा खोटा येतो. आकडा कमी आला तर पाणी मारलंय किंवा गरमीने युरिया फुटलाय, जास्त आला तर झाकण उघडं राहून पाणी उडालंय. पण एक ध्यानात असू द्या, हा मीटर फक्त युरिया किती ते सांगतो, पाणी कुठलं वापरलंय ते सांगत नाही. बोअरच्या पाण्यात शेतीचा युरिया अचूक ३२.५ टक्के घातला तरी तो पास दाखवेल. म्हणून मीटर असला तरी माल ओळखीच्या जागेवरूनच घ्या.

भरताना टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ ओल्या फडक्याने पुसा, मगच झाकण फिरवा. आपल्या रोडवर धूळ, आणि नोव्हेंबरपासून कापसाच्या गाड्यांच्या मागे चाललं की झाकणावर कापसाचे तंतू पण बसलेले असतात, ते आत गेले की फिल्टर जाम. डिझेलचं नरसाळं, ऑईलचा मग डीईएफला कधीच वापरायचा नाही, थेंबभर तेलानेही आतले रबरी सील फुगतात. नरसाळं वेगळं ठेवा, पिशवीत बांधून ठेवा.

चालवणाऱ्याच्या हातात काय आहे

रावेर, सावदा, यावल पट्ट्यात केळी भरायला गाड्या लागतात तेव्हा बघा, एक गाडी भरायला तास लागतात, मागे रांग, आणि कितीतरी इंजिनं चालूच. बागेतून माल यायचा आहे अजून, तरी पंखा नाहीतर एसीसाठी इंजिन चालू. उभ्या इंजिनाचा एक्झॉस्ट थंड, एससीआर झोपलेला, डिझेल तासाला दोनेक लिटर जातंय ते जातंयच, शिवाय काजळी साचून डीपीएफ लवकर भरतो. थंड पाईपात जो काही डीईएफ पडतो त्याचा पांढरा खडा बनतो. दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं असेल तर बंद करा. दिल्ली-पंजाबला निघालेल्या गाडीला पुढे भरपूर इंजिन चालवायचं आहे, इथे बागेच्या बांधावर नको.

बंद करताना अजून एक. चावी काढल्याबरोबर बॅटरीचा कट-ऑफ स्विच पाडायची सवय खूप जणांना आहे, चोरीच्या भीतीने म्हणा किंवा जुन्या गाडीची सवय म्हणा. इंजिन बंद झाल्यावर डीईएफचा पंप नळ्यांमधला माल परत टाकीत ओढून घेतो, त्याला दोनेक मिनिटं लागतात, कान दिला तर बारीक घरघर ऐकू येते. तेवढ्यात करंट तोडला की माल नळीत आणि इंजेक्टरच्या टोकात राहतो, उन्हात वाळतो आणि टोक बुजतं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये किती वेळ थांबायचं ते दिलेलं असतं, काही गाड्यांत स्विचजवळ लाईट असते, ती विझेपर्यंत थांबा.

आणि थर्मोस्टॅट. उन्हाळा लागला की आपल्याकडे काही मिस्त्री थर्मोस्टॅट वॉल्व, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट अडवणारा वॉल्व, काढूनच टाकतात, गाडी गरम होणार नाही म्हणून. मग पावसाळ्यात, थंडीत, रात्रीच्या पल्ल्याला इंजिन कधी पुरतं तापतच नाही, एक्झॉस्ट थंड, डीईएफ उशिरा सुरू, ईजीआर उशिरा उघडतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर आणि इंटरकूलर साफ करा, फॅनचा क्लच बघा, कूलंट बरोबर घाला, वॉल्व जागेवर राहू द्या. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारी जाळी, तर मी म्हणेन दर महिन्याला बघाच, जिनिंगच्या आवारात ये-जा करणाऱ्या गाड्यांचे तर पंधरा दिवसांनी. समोरून साफ दिसतो, पण रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधल्या फटीत टॉर्च मारली की कापसाची आणि मातीची अख्खी गोधडी बसलेली दिसते. तिथून गरम हवा इंजिनात गेली की जाळ अजून गरम, नॉक्स अजून जास्त, आणि अॅव्हरेज पण पडतं. हवा मारायची ती इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर जातो, आणि प्रेशर जपून, फिन वाकल्या की काम वाढलं.

डीपीएफचं रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी गरमीने जाळून टाकणं, चालू झालं तर ते पूर्ण होऊ द्या, मधेच तोडू नका. त्या गरमीत एससीआरच्या बाजूचे खडे पण जळून जातात. फक्त गाडी उभी करून रीजन करायचं असेल तर खाली बघा, एक्झॉस्ट ६०० डिग्रीच्या आसपास जातो, वाळलेल्या पऱ्हाटीवर, कडब्यावर, गवतावर गाडी उभी करून रीजन लावला तर आग लागायला वेळ लागत नाही.

लाईट लागली तर

"मनी गाडी ओढत नही भो, काय व्हयनं?" असा फोन आला की मी पहिलं विचारतो डीईएफची लाईट आहे का. डीईएफ संपला, खराब निघाला किंवा सिस्टीमशी छेडछाड झाली की ईसीयू आधी वॉर्निंग देतो, मग इंजिनाची ताकद कमी करतो, आणि तरी दुर्लक्ष केलं तर गाडी रांगायला लागते. हे मुद्दाम केलंय, नाहीतर कोणी डीईएफ भरलाच नसता.

फॉल्ट आला की बहुतेक ठिकाणी सरळ नॉक्स सेन्सर बदलायला सांगतात. सेन्सर महाग, आणि पुष्कळदा तो चांगलाच असतो. यात एक खुबी आहे जी सगळ्या मिस्त्रींनी समजून घ्यावी, मागचा नॉक्स सेन्सर अमोनियाला पण नॉक्सच समजतो. म्हणजे इंजेक्टर गळतोय, डीईएफ जास्त पडतोय, तर जास्तीचा अमोनिया मागे निघतो आणि सेन्सर म्हणतो नॉक्स वाढला. सेन्सर बदलला, दोन दिवसांनी तोच फॉल्ट परत. म्हणून क्रम असा धरा. आधी टाकीतला डीईएफ रिफ्रॅक्टोमीटरने बघा, वास बघा, शंका आली तर टाकी पूर्ण खाली करून डिस्टिल्ड नाहीतर डीमिनरलाइज्ड पाण्याने खंगाळा. मग इंजेक्टर काढून बघा. मग टर्बोपासून एससीआरपर्यंत एक्झॉस्टचे क्लॅम्प आणि गास्केट, कारण तिथून हवा आत शिरली तरी सेन्सरचं गणित चुकतं, जोडाशी काळी काजळी उडालेली दिसली की लीक तिथेच. मग वायरिंग, उंदरांनी कुरतडलेली असते कितीदा तरी. आणि सगळ्यात शेवटी सेन्सर.

इंजेक्टर उघडल्यावर काय दिसतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. टोकाशी आणि समोरच्या पाईपच्या आतल्या अंगाला पांढरा थर असतो, खडीसाखर फुटल्यासारखा, बोटाने चुरडला तर भुगा होतो. हा साधा युरिया, कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बुडवला की विरघळून जातो, तारेचा ब्रश आणि खिळा अजिबात घालू नका, टोकाची भोकं अतिशय बारीक असतात आणि फवाऱ्याचा आकार एकदा बिघडला की तिथेच परत खडा जमतो. पण थर करडा-तपकिरी, दगडासारखा कडक, पाण्यात टाकून काहीच फरक नाही, असा असेल तर तो बराच काळ अर्धवट तापलेल्या पाईपात शिजून बनलेला सायन्युरिक अॅसिडचा दगड आहे. तो पाण्याने जात नाही, वर्कशॉपला स्कॅनर लावून रीजनच्या गरमीनेच काढावा लागतो. आणि असा दगड निघाला म्हणजे गाडी खूप वेळ उभ्याने चालू राहते हे पण कळतं, ड्रायव्हरशी त्यावर नीट बोला, ओरडून काही होत नाही.

गाडी धुताना नॉक्स सेन्सरच्या बाजूला जो वायरचा छोटा डबा असतो त्याच्यावर प्रेशरचं पाणी मारू नका. तापलेल्या सेन्सरवर पाणी पडलं की आतलं सिरॅमिक तडकतं.

डीईएफ बंद करून देणारे

हायवेला असे लोक भेटतात, एक छोटा डबा बसवतात, एम्युलेटर म्हणतात त्याला, तो ईसीयूला खोटं सांगतो की डीईएफ पडतोय, सगळं ठीक आहे. काही जण सॉफ्टवेअरच बदलून देतात. मालकाला वाटतं डीईएफचा खर्च वाचला. पण बीएस-६ चं इंजिन एससीआरच्या भरवशावर ट्यून केलेलं असतं, डीईएफ बंद झाला की तीच गाडी मर्यादेच्या कितीतरी पट नॉक्स सोडते, आणि कोणाला दिसत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) मध्ये प्रदूषणाचे निकष मोडून गाडी चालवली तर पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, वर लायसन्स तीन महिने बाद. चालवणाऱ्यावर येतं हे आणि चालवायला लावणाऱ्यावरही, म्हणजे डबा मालकाने बसवला तर त्याच्यासोबत ड्रायव्हर पण अडकतो. वॉरंटी तर गेलीच. शिवाय पंप आणि इंजेक्टर वापराविना वाळून जाम होतात, परत सुरू करायचं म्हटलं तर सगळी लाईन बदला.

जुनी बीएस-६ गाडी विकत घेताना हे तपासाच. डीईएफ टाकीच्या झाकणाच्या आत धूळ आणि वाळलेले खडे, टाकी रिकामी पण मीटरवर लेव्हल फुल्ल, इतकं दिसलं तरी पुरे. स्कॅनर लावून लोडवर चालवून बघा, पुढचा नॉक्स सेन्सर शेकड्यात आकडा दाखवतो आणि सतत हलतो, मागचा त्याच्यापेक्षा खूप कमी पण तोही हलतो. आकडा एकाच जागी चिकटून बसला असेल तर कोणीतरी हात मारलेला आहे.

बीएस-३, बीएस-४ वाल्यांनी काय करायचं

खडी, वाळू, कापूस, ऊस ओढणाऱ्या अशा गाड्या आपल्याकडे अजून खूप आहेत आणि त्या एका दिवसात जाणार नाहीत. बीएस-४ मध्ये काही गाड्यांना एससीआर होता, काहींना ईजीआर. ईजीआरला पत्री मारून बंद करायची पद्धत सगळीकडे आहे, पिकअप वाढतो म्हणून. पत्री मारली की नॉक्स लगेच वर जातो, ती काढा, आणि ईजीआर वॉल्व काजळीने भरलाय म्हणून गाडी झटके देत असेल तर वॉल्व आणि कूलर उघडून साफ करा. बीएस-३ मध्ये पंपाचं टायमिंग कंपनीच्या मार्कवर ठेवा, अॅव्हरेजसाठी पुढे घेतलेलं टायमिंग म्हणजे सरळ नॉक्स. नोझल टेस्ट करून घ्या, इंटरकूलरचे होस फाटलेले नसावेत. बाकी जे डिझेल वाचवतं ते नॉक्स पण वाचवतं, टायरची हवा, पासिंगइतकाच लोड, ६०-६५ चा एकसारखा स्पीड. आणि बायोडिझेल म्हणून टँकरमधून जे स्वस्त काहीतरी विकतात ते घेऊ नका, खरं बायोडिझेल सुद्धा नॉक्स थोडा वाढवतं, आणि हे काय असतं ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही, त्यातले क्षार आणि सल्फर जाळीचा जीव घेतात. बीएस-६ ला फक्त पंपावरचं १० पीपीएम सल्फरचं डिझेल, आणि ऑईल पण कंपनीने सांगितलेलं कमी राखेचंच, स्वस्तातल्या ऑईलमधला फॉस्फरस जाळीवर जाऊन बसतो.

हिशोबाची वही

मालक लोकांनी एवढं करा. प्रत्येक गाडीचं डिझेल किती आणि डीईएफ किती, महिन्याला एका ओळीत लिहा. गाडी आणि इंजिनाप्रमाणे डीईएफ डिझेलच्या साधारण ३ ते ६ टक्के लागतो, म्हणजे ४०० लिटर डिझेलला १२ ते २४ लिटर. तुमच्या गाडीचा आकडा दोन-तीन महिन्यांत तुम्हाला कळेल. तो अचानक निम्म्यावर आला आणि कुठली लाईट पण नाही, तर इंजेक्टर बुजतोय नाहीतर कोणीतरी डबा लावलाय. अचानक वाढला तर गळती शोधा, टाकीखाली आणि नळ्यांच्या जोडावर पांढरा डाग दिसतोच, किंवा मग डीईएफमध्ये पाणी आहे आणि ईसीयू भरपाई म्हणून जास्त सोडतोय.

शेवटचं, रात्री झोपेत डीईएफच्या टाकीत डिझेल पडलं किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ, तर चावी फिरवू नका, अगदी ऑनवर सुद्धा नाही, कारण पंप सुरू झाला की माल नळ्यांत पसरतो. डीईएफ डिझेलपेक्षा जड, टाकीच्या तळाला जाऊन बसतो आणि तिथूनच आधी ओढला जातो. बॅटरीचा स्विच पाडा, टाकी उतरवा, पूर्ण खाली करून धुवा, आणि मगच पुढे. इंजिन चालू केलं नसेल तर टाकी धुण्यावर भागतं, चालू केलं तर पंप, इंजेक्टर, नळ्या सगळं बिलात येतं.